सुनेच्या वाटणीचं दूध

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा: निरनिराळे रस आणि मिल्कशेक, त्यांतलं कोणतं शरीराला चांगलं, हे तुमच्या अनुभवातून लिहा. हे सांगताना त्यांच्या हातात चिकूच्या मिल्कशेकचा ग्लास होता आणि मी गल्ल्याशेजारी स्टुलावर बसलो होतो. महाडच्या एसटी स्टँडसमोरचं आमचं ज्यूस सेंटर आता मुलगा चालवतो. मी बसून असतो आणि कोणी जास्त घासाघीस करायला लागलं की तोंड घालतो. विषय ऐकून मी लगेच हो म्हटलं. फुकटची जाहिरात कोण सोडतो?

लिहायला बसलो तेव्हा कळलं की हा विषय मला देणं म्हणजे खाटकाला गायीवर निबंध लिहायला सांगणं.

तरी विचारलंय ते आधी सांगून टाकतो.

रस काढणं म्हणजे काय, तर फळातलं जे दाताखाली येतं ते गाळून टाकायचं आणि जे जिभेला लागतं तेवढं ग्लासात ठेवायचं. गाळणीवर उरतो तो चोथा. पोटाला हवा असतो चोथा आणि गिऱ्हाइकाला हवं असतं गाळलेलं. त्यामुळे मला खरं विचाराल तर पहिला नंबर चावून खाल्लेल्या फळाचा. त्यानंतर घरचं ताक. त्यानंतर आमसुलाचं सरबत, साखर बेतानं घातलेलं. मोसंबीचा रस आजाऱ्याला बरा, कारण त्याला दुसरं काही जात नाही, पण तो काढल्या काढल्या प्यायला पाहिजे. ठेवला की कडू होतो. मोसंबी आणि संत्रं एकत्र केलं की त्याला आम्ही गंगा-जमुना म्हणतो. त्यात गुण वाढत नाही, नाव वाढतं. दुधीचा रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघावा. कडू लागला तर तो दुधी गटारात, गिऱ्हाइकाला नाही, कारण कडू दुधी माणसाला आडवं करतो. हे मी कसोशीनं पाळलं. चिकूचा मिल्कशेक हे पेय नाहीच, ते जेवण आहे. तो पिऊन वर जेवणारा माणूस वर्षभरात शर्टाचं माप बदलतो. आणि कोणत्याही मिल्कशेकमध्ये सर्वांत चांगलं काय असतं, तर दूध. बाकी आम्ही घालतो ती साखर, जास्त पिकलेलं फळ आणि बर्फ.

बर्फ हा या धंद्यातला न दिसणारा भागीदार. ग्लास निम्मा तोच भरतो. आमच्याकडे बर्फाची लादी यायची ती कारखान्यातून, तुसात घोळलेली, गोणपाटात गुंडाळलेली. त्याच कारखान्याची लादी मासळीवाल्यांकडेही जायची. पिण्याचा बर्फ वेगळा, मासळीचा वेगळा, असं कागदावर असेल. गोणपाट एकच होतं. मी लादी धुऊन घ्यायचो. धुवायचं पाणी कुठलं, हे विचारू नका.

गणपतीला मुंबईची मंडळी गावी निघाली की आमच्याकडे थांबायची आणि हुकूम सोडायची, “विदाउट बर्फ, विदाउट शक्कर.” बर्फ नाही म्हणजे त्या जागी रस भरायचा, आणि पैसे तेवढेच. मी भांडायचो. एकाला मी सांगितलं होतं, तुला ग्लाससुद्धा विदाउट देतो, ओंजळ पुढे कर. एक वकीलसाहेब होते. रोज कोर्ट उघडायच्या आधी पक्षकारांच्या देखत कारल्याचा रस घ्यायचे, चेहरा जराही न हलवता. डायबेटीस ताब्यात ठेवतो मी, म्हणायचे. कोर्ट सुटलं की मागच्या बाजूनं यायचे आणि आंब्याचा मिल्कशेक मारायचे, वर आइस्क्रीमचा गोळा. मी एकदा म्हटलं, साहेब, दोन्ही एकत्र करून देऊ का, सकाळची फेरी वाचेल. ते हसले. पैसे मात्र दोन्हीचे वेगवेगळे द्यायचे, म्हणून मी जास्त बोललो नाही.

आता पाटीविषयी. मी तुडीलकडचा. पोरवयात मुंबईला जाऊन एका रसाच्या दुकानात ग्लास विसळले, मग फळं सोलली, मग मिक्सरपाशी उभा राहिलो. नव्वद सालानंतर गावाकडे परत आलो तेव्हा बरोबर एक जुना मिक्सर होता आणि डोक्यात त्या मालकाच्या भिंतीवरची पाटी होती. कोणता रस कशाला चांगला, याची. महाडात दुकान लावलं आणि पेंटरला बोलावून तीच पाटी आठवून आठवून सांगितली. गाजर डोळ्यांना, कारलं साखरेला, दुधी हृदयाला. जिथे आठवलं नाही तिथे बाजारभाव बघितला. त्या आठवड्यात घाटावरून बिटाच्या गोणी आल्या होत्या आणि बीट मातीमोल झालं होतं. आमच्याकडे तेव्हा बीट खातो कोण? मी घेऊन ठेवलं आणि पेंटरला सांगितलं, बीट मोठ्या अक्षरात लिही, लाल रंगात. बीट: रक्तवाढ, अशक्तपणा, चेहऱ्यावर तेज. तो म्हणाला, “शेट, तेजाला जागा नाय उरत.” मी म्हटलं, गाजराचे डोळे बारीक कर.

ही पाटी वाचून माणसं थांबायची. मला तिचा अभिमान होता. लोकांना आपला आजार पाटीवर लिहिलेला दिसला की बरं वाटतं.

कोंडाबाई माझ्याकडे दूध घालायची. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या सपाटीवर धनगरांची वाडी आहे. घरं थोडी, म्हशी घरांपेक्षा जास्त. तिथून ती पहाटे किटली डोक्यावर घेऊन उतरायची. पोलादपूरचे हॉटेलवाले देत त्यापेक्षा मी थोडा चढा भाव द्यायचो, म्हणून एसटीत बसून महाडपर्यंत यायची. म्हशीचं दूध, दाट, ग्लासाला चिकटणारं. माझा मिल्कशेक चालायचा तो तिच्या म्हशींवर. हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

आमच्याकडे दुधाची रीत अशी की माप भरून झालं की वर थोडं आणखी घालायचं. किती घालायचं यावर रोज भांडण. मी म्हणायचो, नको मला, घेऊन जा तुझं दूध, आणि किटली तिच्याकडे ढकलायचो. ती थोडी धार वर सोडायची आणि किटली माझ्याकडे सरकवायची. मी पुन्हा नको म्हणायचो. ती पुन्हा थोडं घालायची. आमच्या व्यवहारात ‘नको’ म्हणजे ‘आणखी घाल’. स्टँडवरचे कंडक्टर चहा सोडून बघायला थांबायचे.

“तुज्या आयशीनं तुला मापानं पाजलं काय रे?” ती म्हणायची.

“मावशी, ओढ्याचं पाणी किती घातलंस ते सांग आधी.”

“घातलं तर ओढ्याचं हाय. तुज्या बर्फापरीस बरं.”

मी सगळ्यांशी भांडलो, पण तिच्याशी भांडायला मजा यायची, कारण ती मला पुरून उरायची. जाताना बिटाचा आणि गाजराचा चोथा पिशवीत भरून न्यायची, म्हशींसाठी, फुकट. मलाही कचरा टाकायला जावं लागत नसे.

एकदा ती सुनेला घेऊन आली. सगुणा नाव. मुलगा मुंबईला गोदामात कामाला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आता कुठे पहिल्यांदा दिवस गेले होते. सरकारी दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. पोरगी बाकड्यावर बसली ती भिंतीला टेकूनच. ओठ आणि चेहरा एकाच रंगाचे. तिथल्या नर्सनं रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या आणि खाण्यापिण्याकडे बघा म्हणून बजावलं होतं. कोंडाबाईनं बजावल्याचं मला बजावून सांगितलं. मग तिचं लक्ष शेजारच्या गिऱ्हाइकाच्या ग्लासाकडे गेलं.

“ते लाल काय हाय रे?”

“बीट.”

“त्यानं काय व्हतं?”

तिला वाचता येत नव्हतं. मी पाटीकडे बोट करून वाचून दाखवलं. पाटीवर होतं त्यापेक्षा जरा जास्तच वाचलं. म्हटलं, रंग बघ, रक्ताचा आहे की नाही? जे लाल ते रक्तात जातं. सगुणाला एक ग्लास दिला. तिनं दोन्ही हातांत धरला आणि तळ दिसेपर्यंत प्यायली. गोड असतं बीट, आणि मी पाकही सढळ हातानं घातला होता. तिच्या ओठांवर लाली आली, रसाची. कोंडाबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

रोज मिळेल का, तिनं विचारलं. मी म्हटलं, मिळेल की. किटली रिकामी जातेच, त्यात भरून देतो. त्याच्या बदल्यात रोज एक लोटा दूध वर आण.

“सगळंच तर तुला घालते. घरात एक लोटा ठेवते, तो सुनेच्या वाटणीचा हाय.”

“मग तोच आण. तिचाच लोटा, तिलाच रस. दुधानं रक्त वाढत नाय मावशी, बिटानं वाढतं.”

दुधानं रक्त वाढत नाही, हे खरंच आहे. पुढे एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी खोटं बोललो नव्हतो. फक्त वाक्याचा पुढचा तुकडा माझा होता. त्या वेळी मला वाटलं की मी मोठा सौदा मारला. मातीमोल बिटाच्या पाण्यावर रोज एक लोटा दाट दूध.

असं सुरू झालं. सुनेचं दूध माझ्या मिक्सरमध्ये यायचं आणि मुंबईच्या पाहुण्यांच्या पोटात जायचं. बिटाचा चोथा म्हशीच्या पोटात जायचा आणि पुन्हा दूध होऊन माझ्याकडेच यायचा. सुनेच्या वाट्याला गाळलेलं लाल पाणी, साखर आणि बर्फ. या सगळ्या फेऱ्यात एकटी तीच होती जिला काही मिळत नव्हतं. हे आज लिहिताना सरळ दिसतं. तेव्हा मी फक्त लोटा बघत होतो.

आणि रस कसा जायचा? दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, रस ठेवू नका, उभ्या उभ्या प्या. पाटीच्या खाली तसं लिहिलंही होतं. कोंडाबाईची किटली पोलादपूरच्या गाडीत अर्धा वेळ उन्हात, मग तिच्या डोक्यावर चढणीला. वाडीत पोचेपर्यंत दुपार कलायची. टिकावा म्हणून मी त्यात बर्फ जास्त टाकायचो. तोच बर्फ, गोणपाटातला.

काही दिवसांनी कोंडाबाई हसत आली. दूध मापायच्या आधीच माझ्या कानाशी वाकली, पण आवाज डोंगरावरचा, सगळ्या बाकड्यांना ऐकू गेला. सुनेला लघवी लाल होत होती. वाडीतल्या बायका जमून बघून गेल्या होत्या.

“रगात इतकं वाढलंय की सांडाय लागलंय.”

बीट खाल्लं की बऱ्याच जणांना तसं होतं. रंग येतो, रक्ताशी त्याचा संबंध नाही. मला हे माहीत होतं. मुंबईला असताना मीही एकदा घाबरलो होतो आणि मालक पोट धरून हसला होता. कोंडाबाईला ते सांगायला एवढासाच वेळ लागला असता. पण बाकड्यावर गिऱ्हाइकं होती, ती ऐकत होती, आणि त्यांतल्या दोघांनी लगेच बिटाचा रस मागवला. मी हसलो. पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट मी स्वतःच रंगवून सांगत होतो. पोलादपूरच्या डोंगरात जाऊन विचारा, रक्त सांडायला लागलंय माझ्या रसानं.

त्यानंतर तिनं गोळ्यांचं विचारलं. गोळ्या घेतल्या की पोरीला मळमळायचं आणि शौचाला काळी व्हायची. वाडीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं होतं की गोळी आतलं रक्त जाळते, म्हणून काळं.

“गोळीनं काळं, रसानं लाल,” कोंडाबाई म्हणाली. “कंचं खरं?”

मिक्सर चालू होता. मी झाकण दाबून धरलं होतं. “लाल दिसतंय ना डोळ्यांनी?” मी म्हटलं. “मग मला काय विचारतेस?”

गोळ्या बंद झाल्या. मी बंद करा असं म्हटलं नव्हतं. हे वाक्य मी पुढे फार वापरलं.

वैशाखात सगुणाला जुलाब लागले. पाऊस जवळ आला होता, वरचे झरे आटले होते, वाडीत पाण्याची ओढ. दोन दिवस घरगुती उपाय झाले. त्यातही किटलीतला रस चालूच होता, ताकद राहावी म्हणून. मग ताप चढला आणि वेळेआधीच पोटात कळा सुरू झाल्या. चादर बांबूला बांधून, तिची डोली करून, वाडीतल्या गड्यांनी तिला खाली आणलं. पोलादपूरहून जीपनं महाडला, एका खाजगी दवाखान्यात. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. पोरगी वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि ज्या पद्धतीनं कळलं त्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

त्या दवाखान्याचे डॉक्टर माझ्या ओळखीचे. ते दुकानात आले तेव्हा ऐन गर्दी होती. पहिल्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टात निघालेले लोक, ते कारल्याचे वकीलसाहेबही. डॉक्टरांच्या हातात कोंडाबाईची किटली होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि झाकण काढलं. आंबूस वास आला. मग त्यांनी मान वर करून माझी पाटी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, सावकाश, शाळेत वाचतात तशी. गाजर, डोळे. “हे तुला कोणी सांगितलं?” कारलं, साखर. “हे कोणी सांगितलं?” दुधी, हृदय. “हे?” प्रत्येक ओळीला थांबत होते. मिक्सर बंद, बाकड्यावर कोणी ग्लास तोंडाला लावेना.

बिटापाशी आल्यावर त्यांनी सगुणाचं सांगितलं. गोळ्यांचं, दुधाच्या लोट्याचं, मुलाचं. कोंडाबाईनं त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि तक्रार म्हणून नव्हे. सुनेची मी किती काळजी घेतली, हे दाखवायला.

माझं डोकं फिरलं. मी रागावलो की आवाज आधी सुटतो आणि अक्कल मागून येते. मी ओरडलो की मी काय विष दिलं का, तुमच्या गोळ्यांनी किती वाचले ते सांगा, तुमच्या दवाखान्यात मेलेल्यांची पाटी लावा आधी. काही लोक हसले. मला जोर आला. तेव्हा डॉक्टर हळू आवाजात बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“तुझ्या बायकोचंही रक्त कमी होतं. दोन्ही बाळंतपणांना मीच बघितलं. तिला किती बीट पाजलंस?”

मी फडकं घेऊन गल्ला पुसायला लागलो.

“काय दिलंस तिला? ह्या लोकांना सांग.”

गोळ्या दिल्या होत्या. रोज समोर उभं राहून घ्यायला लावल्या होत्या, मळमळलं तरी. दूध, खारीक, अंडी. रस मी घरी कधी नेलाच नाही. माझ्या दुकानातला बर्फ माझ्या घरच्या माणसाच्या पोटात जाऊ नये, याची मी काळजी घेत होतो. मी उत्तर दिलं नाही, पण लोक थांबून राहिले आणि त्यांना उत्तर कळलं. डॉक्टर किटली तिथेच ठेवून गेले. वकीलसाहेबांनी भरलेला ग्लास गल्ल्यावर ठेवला, पैसे ठेवले आणि न पिता गेले.

आता माझी तक्रार. डॉक्टरांनी मला आत बोलावून कानाखाली मारली असती तरी चालली असती. पण दवाखान्यात बायकोचं तपासलेलं चारचौघांत माझ्या दुकानात काढायचं? हा कुठला धर्म? मी हे महाडात सगळ्यांना विचारलं. डॉक्टरांचं गिऱ्हाईक मी तोडत होतो म्हणून ते चिडले, असंही पसरवलं. माझं खरं मानणारी माणसंही मिळाली. पुढे कोणीतरी मध्यस्थी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की एकट्या रसानं हे झालं नाही, रक्त आधीपासून फार कमी होतं, उशीर झाला, वाडीचं पाणीही तसंच. ‘एकट्या रसानं नाही’ हे वाक्य मी खिशात घालून बरीच वर्षं फिरलो. कोणी विषय काढला की ते काढून दाखवायचो. त्यांच्या दवाखान्यासमोरून मी आजही जात नाही, मागच्या आळीनं वळसा घालतो. पूर्वी लोकांना सांगायचो की त्यांचं तोंड बघायची इच्छा नाही. खरं असं की त्यांनी माझं बघू नये.

बिटाची ओळ मी पुसली. जागा रिकामी दिसायला लागली म्हणून तिथे ‘स्वच्छता हेच आमचे ब्रीद’ असं लिहून घेतलं.

इथवरची गोष्ट महाडातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. त्यांनी ती आपापल्या परीनं सांगितली आहे, माझ्या तोंडावरही. पुढचं फारसं कोणी बघितलं नाही.

श्रावणात, पावसाची उघडीप होती तेव्हा, कोंडाबाई आली. मी तिला रस्त्यापलीकडे गाडीतून उतरताना बघितलं आणि आत जावंसं वाटलं. भांडायला आली तर काय बोलायचं, हेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. ती आली, दुसरी एक किटली ठेवली आणि टोपलीतून कापडानं तोंड बांधलेला लोटा काढून किटलीशेजारी ठेवला.

मी विचारलं, सगुणा कशी आहे.

“हाय. उठत नाय फारशी. रगात नाय अंगात.” मग लोटा माझ्याकडे सरकवला. “रस दे. मधी खंड पडला रे, म्हणून असं झालं.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिच्या हिशोबानं शेवटच्या दोन दिवसांत जुलाबामुळे पोरीच्या पोटात रस टिकला नाही, म्हणून घात झाला. नाही तर लाल होतच होतं, वाडीनं बघितलं होतं.

मी म्हटलं, “मावशी, ह्यानं रक्त वाढत नाय. लोटा परत ने. हे दूध तिलाच पाज, आणि गोळ्या घ्यायला लाव.”

मग तिच्या डोळ्यांत आमचा जुना खेळ आला. तिनं किटलीचं झाकण काढलं, लोटा उचलला आणि मापाच्या भांड्यात ओतला. मग किटलीतून आणखी एक लोटा भरला आणि तोही ओतला.

“घे. आता तरी व्हय म्हण.”

“मावशी, मी भाव करत नाय गो.”

“तवा वाढत व्हतं, आता वाढत नाय? मी अडलेय म्हणून?”

मी नको नको म्हणत होतो आणि ती घालत होती. आयुष्यभर मी तिला जे शिकवलं होतं तेच ती करत होती. माझ्या ‘नको’चा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे तिला मी कधी दाखवलंच नव्हतं. शेवटी मी ते दूध उकळलं, त्यात गूळ घातला, किटलीतलं बाकीचं मापून घेतलं, किटली विसळून तिच्यात हे गुळाचं भरलं आणि कोंडाबाईपुढे ठेवलं. हे सुनेला दे, म्हटलं. मला वाटलं, हे तरी कळेल.

तिनं झाकण उघडून बघितलं. पांढरं.

“हे तर आमचंच दूध,” ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत ती माझ्यावर शंभरदा ओरडली असेल, पण रागावलेली मी तेव्हा पहिल्यांदाच बघितली. “आमचंच आमाला इकतोस?”

किटली उचलून ती रस्ता ओलांडून गेली. समोर एकानं रसाची गाडी लावली होती. त्याची पाटी माझ्याच पाटीवरून उतरवलेली, माझी बिटाची ओळ पुसायच्या आधीची. लाल अक्षरांत, मोठी. कोंडाबाई त्याच्यासमोर उभी राहिली, पाटीकडे बोट केलं, आणि तो तिला वाचून दाखवायला लागला. रक्तवाढ, अशक्तपणा, चेहऱ्यावर तेज. गाड्यांच्या आवाजातही मला शब्द न् शब्द कळत होता, कारण सगळे माझे होते. किटलीतलं गुळाचं दूध तिनं त्याच्या पातेल्यात ओतलं. त्यानं बिटं चिरायला घेतली.

माझा आवाज अख्ख्या स्टँडला माहीत आहे. गल्ल्यावर बसून मी पलीकडच्या रिक्षावाल्याला शिव्या देऊ शकतो. त्या दिवशी मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि काय ओरडावं ते कळेना. तो खोटं सांगतोय, असं? तो तर मी सांगितलेलं सांगत होता.

पोलादपूरची गाडी लागली. कोंडाबाई भरलेली किटली डोक्यावर घेऊन माझ्या दुकानावरूनच गेली. थांबली नाही. जाता जाता, माझ्याकडे न बघता, म्हणाली,

“तुज्यापरीस तो सरळ हाय.”